गोष्ट मध्येच थांबवणाऱ्या शुभदाताई

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये शुभदाताई आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. नवरा एका मंत्रालयात कारकून. रविवारी सकाळी त्या आसपासच्या मराठी घरांतली चिल्लीपिल्ली गोळा करून वाचायला बसवत. रीत मात्र भलतीच खोडसाळ. मूल वाचता वाचता ऐन रंगात आलं, की पुस्तक मिटायचं आणि त्याला घरी पिटाळायचं. पोरं पाय आपटत जायची आणि संध्याकाळी 'पुढे काय झालं?' म्हणत दारात हजर व्हायची. ताई पुस्तक हातात देत आणि वाचून मलाही सांग म्हणत. माझा नीरज असाच वाचायला लागला.

नव्वदनंतर सगळे पांगले. नव्या कंपन्या आल्या, नोएडाचे सेक्टर भरत गेले, आम्हीही तिकडे घर घेतलं. पुढे ताईसुद्धा तिथेच मुलाकडे आल्या. नात रसिका सात वर्षांची. शाळेत हिंदी शिकलेली, त्यामुळे मराठी पुस्तकही घडाघडा वाचायची. ताई मला मुद्दाम बोलावून ऐकवायच्या आणि मीही वा वा करायचे.

मग ताईंनी आपली रीत काढली. शिंक्यावरचं लोणी खाताना बोक्याचं डोकं मडक्यात अडकलं, तिथे पुस्तक मिटलं. रसिका 'ओके' म्हणून उठली आणि टीव्हीसमोर जाऊन बसली. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, बोक्याची कुणी चौकशीच केली नाही. ताईंनी गोष्टी बदलून पाहिल्या. त्या एका प्रश्नासाठी बाई अक्षरशः झुरत होत्या.

एकदा माझ्यादेखत त्यांनीच विचारलं, "बोक्याचं पुढे काय झालं, ते कळायला नको का तुला?"

"कौन बोका?" रसिका म्हणाली. "आजी, मैं तो बस पढ़ती हूँ."

अक्षरं तीच, म्हणून पोर वाचत होती. घरीदारी सगळं हिंदीच, त्यामुळे पुस्तकातलं कळत काहीच नव्हतं, आणि आम्हा दोघी शहाण्यांच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

शुभदाताईंचं हिंदी भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरतं. त्याच हिंदीत, अडखळत, हातवारे करत त्यांनी बोका सांगितला. रसिका पोट धरून हसली. मडक्यापाशी ताई सवयीने थांबल्या, तशी ती त्यांच्या मांडीवरच चढली.

"आगे क्या हुआ? बताओ ना, आजी."

ताईंचा चेहरा असा खुलला की काय सांगू. लगबगीने त्यांनी पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं.

रसिकाने ते हातानेच बाजूला सारलं. "इसमें नहीं. आप बोलो."

ताईंचे डोळे भरून आले. पुस्तक मिटून त्यांनी उरलेली गोष्ट हिंदीत सांगितली, शेवटपर्यंत, मध्ये कुठेही न थांबता.