उकिरड्यावर ठेवलेला आवाज

उकंडराव काळवाघ्याचं आणि माझं कधीच पटलं नाही. त्याच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, आणि आमच्या देऊळघाटात भिंत एक असली की भांडणाला दुसरं कारण लागत नाही. तेव्हा मी सांगतोय त्यात थोडा कडवटपणा येईल. खोटं मात्र काही नाही.

उकंडराव हुशार आहे, असं उकंडरावाचं मत. सगळं आयुष्य बैलबाजारात दलाली करण्यात गेलं. बैलाचे दात पाहायचे, शेपटीपाशी हात फिरवायचा, रुमालाखाली बोटं धरून सौदा पटवायचा. "इकणारा ज्याची लय तारीफ करते ना, खोड तिथंच राह्यते," हे त्याचं वाक्य गावात लहान पोरांनाही पाठ आहे. रुखमाबाईला पाहायला गेला तेव्हाही यानं मध्यस्थाला विचारलं होतं, "पोरगी खाते किती?" आतल्या खोलीतून पोरीनंच उत्तर दिलं, "तुमच्या घरी पोटभर हाय का, ते आदी सांगा." तिथंच लग्न ठरलं. त्यानंतर चाळीसेक वर्षं तिची जीभ थांबली नाही, आणि भिंतीच्या अलीकडे राहून मी ती सगळी ऐकली.

त्याच्या नावाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ त्या नावातूनच झाला. उकंडरावाच्या आधीची त्याच्या आईची लेकरं जगली नव्हती. आमच्याकडे अशा वेळी काय करतात ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. हा जन्मला तसा त्याला सुपात घालून नेला आणि उकिरड्यावर ठेवला. शेजारच्या सोजराबाईनं तो उचलला आणि आईनं तिला सूपभर कोंडा देऊन आपलंच लेकरू तिच्याकडून विकत घेतलं. उकिरड्यावर सापडला म्हणून उकंडा. मरणाला वाटावं की हे फेकलेलं आहे, याला कोण नेतो. पुढे कोणी म्हणालं, "पोरगा गुटगुटीत हाय हो," की आई लगेच म्हणायची, "कायचा गुटगुटीत, कचरा हाय." आणि हा जगला. बरं केलं की वाईट, ते देवाला ठाऊक.

रुखमाबाई त्याला नेहमी म्हणायची, "तुमाले सांगून सांगून माहा घसा जाईन एक दिवस." तो गेलाच. घशात गाठ निघाली. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, जीव वाचेल, आवाज नाही. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या पोरानं, गोविंदानं, मोबाईल तिच्या तोंडापुढं धरला आणि म्हणाला, बोल आई, जे येईल ते बोल. ती बोलली. वांग्याच्या भाजीला तेल किती लागतं ते सांगितलं, नातीसाठी अंगाई म्हटली, आणि बाकी सगळा वेळ नवऱ्याला झापलं. गायीला पाणी पाजलं का, दाराला कडी लावली का, मी नसले तर शिळं खाऊन मराल. शेवटी गोविंदानं गळ घातली, आई, उखाणा घे. लग्नातही तिनं घेतला नव्हता, आणि पुढेही नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तिनं घेतला.

"उकिरड्यावर उगोलं तुयशीचं रोप, उकंडरावांचं नाव घेते, आता येऊ द्या झोप."

दुसऱ्या दिवशी गळा कापला. आता तिथं एक भोक आहे आणि ती त्यावर पदर ओढून बसते. काही हवं असलं की चमच्यानं थाळी वाजवते. पाणी हवं, थाळी. भूक लागली, थाळी. राग आला, तरी थाळीच.

गोविंदा पुण्यात नोकरीला. त्यानं आपला जुना कॉम्प्युटर घरी आणून बसवला, आईचा आवाज त्यात घातला आणि बापाला चालवायला शिकवलं. इथवर चांगलं केलं. मग त्याला अवदसा आठवली. आईच्या झापण्याचा एक तुकडा त्यानं नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. लोक रडतील असं त्याला वाटलं असावं. लोक पोट धरधरून हसले. उकंडरावाची बहीण केसरबाई फोन करून म्हणाली, "झालं ते बरंच झालं. आता माहा भाऊ दोन घास सुखानं खाईन."

त्या बाईला मी चांगला ओळखतो. तिच्या मनात तसं काही नव्हतं, असं मी अजिबात म्हणणार नाही.

उकंडरावाला ते फार लागलं. त्यानं गोविंदाला गावी बोलावून घेतलं, तुकडा ग्रुपवरून काढायला लावला, आणि मोबाईलमधला सगळा आवाजही आपल्या डोळ्यांदेखत पुसायला लावला. "दहा ठिकाणी ठेवसान तं दहा जणाची नजर लागन," म्हणाला. आता आवाज एकाच जागी उरला. तोही लपवायचा कुठे, हा प्रश्न होता, कारण पाहुणेरावळे आले की त्यांची पोरं कॉम्प्युटरवर झडप घालायची. पडद्याच्या कोपऱ्यात एक टोपली दिसत होती. ही कायची, म्हणून त्यानं पोराला विचारलं. कचऱ्याची, गोविंदा म्हणाला, फेकलेलं इथं पडून राहतं. पाहिजे असलं तर परत काढता येतं. कोणी टोपली रिकामी करेपर्यंत जात नाही.

शेवटचं वाक्य त्यानं ऐकलं नसावं. त्यानं फक्त उकिरडा ऐकला.

त्या दिवसापासून रुखमाबाईचा आवाज कचऱ्याच्या टोपलीत. फोल्डरला नावही दिलं होतं 'शेण'. हे मला मात्र फार नंतर कळलं. रोज दुपारी जेवणं झाली की ती बाजेवर येऊन बसायची, हा टोपलीतून फोल्डर बाहेर काढायचा, वाजवायचा आणि पुन्हा टोपलीत टाकायचा. ती आपलाच आवाज ऐकत बसायची. भिंतीपलीकडून मलाही ऐकू यायचं. उखाण्याशी आलं की हा मागे नेऊन पुन्हा लावायचा. चाळीस वर्षं जिचं एक वाक्य यानं धड ऐकून घेतलं नाही, तिला आता रोज ऐकत होता. मला त्याची दया यायची, आणि दया आली म्हणून माझाच राग यायचा.

मग व्हायरस आला. लॉटरी लागली असं काहीतरी पडद्यावर आलं आणि बैलबाजारातल्या या हुशार माणसानं त्यावर बोट दाबलं. दुसऱ्या दिवशी गोविंदाच्या लग्नाचे, नातीच्या बारशाचे, सगळे फोटो कुलूप लागून पडले. उघडायचे तर खंडणी भरा, म्हणून इंग्रजीत धमकी. वाचला तो एकटा टोपलीतला आवाज. व्हायरसनं तिकडे पाहिलंही नव्हतं.

मग काय विचारता. उकंडराव पारावर छाती काढून फिरत होता. "मराठीत सांगतो, इंग्रजीत सांगतो, उकिरड्यावरचं कोनी नेत नाई." मात्र काय वाचलं ते त्यानं कोणालाही सांगितलं नाही. मौल्यवान वस्तूचं नाव घेतलं की ती जाते, हे आईच्या दुधातून आलेलं.

गोविंदानं फोनवर आकांत केला. अँटिव्हायरस टाका, म्हणाला, तुमच्या पसंतीचा टाका, पण टाका. पसंती म्हटल्यावर म्हातारा खुलला. बुलढाण्याला चिखली रोडवर प्रसेनजितचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. सरळ माणूस, गिऱ्हाइकाला उगाच गळ घालत नाही. उकंडराव मला साक्षीदार म्हणून घेऊन गेला आणि आख्खा दिवस त्याच्या दुकानात बैलबाजार भरवला.

"हा खाते किती?" पहिला प्रश्न.

प्रसेनजितला कळेना. मी सांगितलं, मेमरी किती खातो ते विचारतायत. त्यानं हसून एकेकाची माहिती दिली. हा जड आहे, जुना कॉम्प्युटर धापा टाकील. हा हलका आहे, पण घडीघडी पडद्यावर येऊन पैसे भरा म्हणतो. हा फुकटातला.

"फुकटाचा बैल कोनी दावणीले बांधते का बे?"

"काका, खरं सांगू का," प्रसेनजित म्हणाला, "तुमच्या कॉम्प्युटरात कंपनीनं आधीच एक देलेला हाय. घरच्यासाठी तोच पुरते. फक्त चालू ठेवा, अपडेट करत जा, कुठंबी बोट दाबू नका. आन् जे महत्त्वाचं असंन त्याची एक कॉपी पेनड्राइव्हवर घालून कपाटात ठेवा. मंग कोनताच व्हायरस तुमचं काई बिघडवत नाई."

याहून शहाणा सल्ला त्या माणसाला जन्मात कोणी दिला नसेल. पण त्यात विकणाऱ्याचा फायदा नव्हता, म्हणजे नक्कीच काहीतरी खोड होती. "घरचा कुत्रा वळखीच्या चोराले शेपूट हालवते," म्हणून त्यानं तो मोडीत काढला. मग म्हणाला, जोडी दे. एक जड, एक हलका.

"जोडी नाई चालत काका. दोन टाकले तं एकमेकालेच चोर समजतात."

हे मात्र त्याला पटलं. बिनओळखीचे बैल एका दावणीला बांधू नयेत, हे त्याला ठाऊक होतं. शेवटी त्याचं मन एकावर बसलं. तो कमी खायचा, आणि वर सफाईही करायचा. साठलेला कचरा शोधून पुसून टाकायचा, तोही असा की पुन्हा कोणाला खणून काढता येऊ नये.

"म्हंजे गोठाबी साफ ठेवते," उकंडराव म्हणाला. "मांगं डाग ठेवत नाई. हाच दे."

प्रसेनजित दोन दिवसांनी तो टाकायला घरी आला. त्याच दिवशी केसरबाई भावाकडे आलेली होती, हा योगायोग. ती कॉम्प्युटरच्या बाजूलाच खुर्ची ओढून बसली. मीही होतो. रुखमाबाई आतल्या दारात जमिनीवर बसली होती, थाळी शेजारी.

अँटिव्हायरस टाकून झाला. त्यानं कॉम्प्युटर तपासला, व्हायरस नाही म्हणून हिरवी खूण दाखवली आणि सफाई करू का म्हणून विचारलं. प्रसेनजित चांगल्या सवयीचा. त्यानं आधी टोपली उघडून पाहिली.

"काका, इथं एक फोल्डर हाय. शेण नावाचं." तो हसला. "काई कामाचं हाय का यात?"

उकंडरावानं बहिणीकडे पाहिलं. केसरबाई मान पुढं करून पडद्यात डोकावत होती. त्याचा चेहरा मी पाहिला. त्याच्या आईनं शेजारणींना दिलेलं उत्तर त्याच्या तोंडी आपसूक आलं.

"काई नाई बे. कचरा हाय."

त्याच्या दृष्टीनं विषय तिथं संपला. माल झाकला गेला होता.

आणि थाळी वाजली. रुखमाबाई वाजवत होती. रोज दुपारी तिचा आवाज कुठून निघतो हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? ती चमचा आपटत राहिली, हातानं पडद्याकडे दाखवत राहिली. गळ्यावरचा पदर सरकला, तोंड सताड उघडं होतं, आणि भोकातून नुसती हवा फुसफुसत होती.

"चहा ठेव म्हनते पाहुण्याले," केसरबाई म्हणाली. "बोलता येत नाई तरी हुकूम सुटत नाई."

"आलो, आलो," म्हणत उकंडराव उठला आणि चहा ठेवायला आत गेला. जाताना तिच्या शेजारून गेला. तिनं त्याचं धोतर धरलं, तर यानं ते सोडवून घेतलं. "ठेवतो म्हनलं ना."

ती उठली, भिंत धरत पुढं आली. ती पोचेपर्यंत प्रसेनजितनं बटण दाबलं होतं. सफाई झाली. पुन्हा हिरवी खूण आली. तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे.

चहा घेऊन हा बाहेर आला तेव्हा ती प्रसेनजितच्या मनगटाला धरून उभी होती आणि तो घाबरून तिच्याकडे पाहत होता. उकंडरावानं पडदा पाहिला. टोपली रिकामी होती. कपबशा त्याच्या हातातून पडल्या नाहीत. त्यानं त्या नीट खाली ठेवल्या आणि विचारलं, "शेण कुठं हाय बे?"

प्रसेनजितनं काय काय केलं नाही. कॉम्प्युटर दुकानात नेला, अकोल्याच्या माणसाला दाखवला, पैसेही घेतले नाहीत. पण उकंडरावानं निवडलेलं जनावर खरोखर अव्वल निघालं. मागे डाग ठेवला नाही. नातेवाइकांनी तो तुकडा कधीच हसून पुसून टाकला होता. केसरबाईनं आपलाही मोबाईल चाचपला आणि म्हणाली, असल्या गोष्टी कोन जपून ठेवते.

कॉम्प्युटर परत आला त्या दुपारी रुखमाबाई सवयीनं बाजेवर येऊन बसली. भिंतीच्या अलीकडे मी जेवत होतो. मग उकंडरावाचा आवाज आला. तो बोलत होता, बायकी स्वरात. गायीले पाणी पाजलं का? दाराले कडी लावली का? मी नसली तं शियं खाऊन मरसान. सगळं त्याला पाठ होतं, तिनं जिथं श्वास घेतला तिथं तो श्वास घेत होता. अंगाई म्हटली. मग तिच्या ढबीत त्यानं स्वतःचाच उखाणा घेतला. उकंडरावांचं नाव घेते, म्हणाला.

थाळी इतक्या जोरात भिंतीवर येऊन आदळली की माझ्या बाजूचा पोपडा ताटात पडला.

त्यानंतर ती थाळी मी ऐकलेली नाही. तहान लागली तर रुखमाबाई स्वतः उठून रांजणापाशी जाते, भूक लागली तर चुलीपाशी. त्याला ती कशासाठीही बोलावत नाही. तो दिवसभर विचारत असतो, पानी देऊ का, काई पायजे का, रागावली का. भिंतीपलीकडून आता फक्त त्याचाच आवाज येतो.