सातची बॅच

मी पोहण्याच्या तलावातून बाहेर पडतो तेव्हा बायकांची सातची बॅच आत येत असते. आज साठीच्या एक बाई कठडा धरून कण्हत एकेक पायरी उतरल्या आणि पाणी छातीपर्यंत आल्यावर एकदम हसल्या. ते हसू माझ्या ओळखीचं आहे. पाण्यात गुडघे दुखणंच विसरतात. इतके दिवस आपण केवढं ओझं वागवत होतो, ते तिथे उतरल्यावरच कळतं.

खरं तर गुडघ्यांसाठी पोहायला डॉक्टरांनी बायकोला सांगितलं होतं. मी नुसतं सोबत म्हणून नाव घातलं. "सातला तुमचा डबा असतो. तुम्ही जाऊन या," ती सहज म्हणाली आणि मीही तितक्याच सहज गेलो. आता माझं पोट उतरलंय, जिना चढताना दम लागत नाही.

घरी आलो तेव्हा ती ओट्याला टेकून, एकाच पायावर भार देऊन पोळ्या लाटत होती. मागे न वळता तिने विचारलं, "कसं होतं पाणी?"

"गार होतं," मी म्हणालो.

रोज हेच सांगतो. फार बरं वाटतं म्हणालो, तर डब्याचं काय करायचं ते मला ठरवावं लागेल.