ठिणगीचा दांडा

साधी गोष्ट अवघड करून करण्यात आमच्या इमारतीमागच्या वाडीतल्या सरांचा हात धरणारा माणूस उभ्या वसई तालुक्यात झाला नसेल. चहाचा कप उचलण्याआधी ते त्याचा कान कोणत्या दिशेला आहे ते बघत. छत्री उघडण्याचीही त्यांची तीन पायऱ्यांची पद्धत होती, आणि तिसरी पायरी येईपर्यंत ते पुरेसे भिजलेले असत. असा माणूस आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त होतो आणि त्याच्या वाट्याला वडिलांची, महायुद्धाच्या आधीची मोटार येते, तेव्हा त्या दोघांचं जमणारच. नव्वदीच्या दशकात मी तिथे फ्लॅट घेतला, तेव्हा बिल्डरने खिडकीतून दिसणारी केळीची बाग अभिमानाने दाखवली होती. बागेतल्या पत्र्याच्या शेडबद्दल तो काही बोलला नव्हता.

दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की त्या शेडचं दार उघडे. नुसती चावी फिरवून निघण्याइतकी ती गाडी सवंग नव्हती. आधी पेट्रोलचा नळ उघडायचा, मग चोक ओढायचा, मग स्टिअरिंगच्या मधोमध असलेला छोटा दांडा मागे घ्यायचा, मग चावी, आणि शेवटी पुढे जाऊन गाडीच्या तोंडात लोखंडी हँडल खुपसून फिरवायचं. त्या छोट्या दांड्याला सर ठिणगीचा दांडा म्हणत. इंजिनातली ठिणगी लवकर पडणार की उशिरा, ते त्यावर ठरे. गाडी सुरू करताना तो मागेच हवा. चुकून पुढे राहिला तर हँडल उलटा झटका देतं आणि फिरवणाऱ्याचं मनगट मोडतं. सरांच्या वडिलांचं तसंच मोडलं होतं. त्यानंतर मरेपर्यंत ते क्रुसाची खूण डाव्या हाताने करत. "क्रम म्हणजे क्रम, बिल्डिंगवाले," सर मला म्हणत. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या सगळ्यांना ते याच नावाने हाक मारत, पण मला जरा प्रेमाने.

गाडी सुरू झाली की खरी काळजी सुरू होई. वळायचं असलं की दिशा दाखवायला गाडीच्या दाराजवळच्या खांबातून एक पिवळा हात बाहेर येई. बाहेर येई, पण परत आत जाण्याची त्याला घाई नसे. एकदा डावा हात बाहेर काढलेल्या अवस्थेत आम्ही पापडी गावच्या बाजारातून नाकासमोर चाललो होतो. एक कोळीण म्हणाली, "बाबा, काय पायजे ते बोल ना. बोट कशाला दाखवतो?" सरांनी गाडी थांबवून तिला त्या हाताची रचना समजावून सांगितली. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि त्यांना सहा बांगडे विकले. काचेवरचा वायपर तर इंजिनाच्या श्वासावर चाले. अॅक्सिलरेटर दाबला की तो गप्प, पाय उचलला की सपासप. चिंचोटीच्या चढावर, धो धो पावसात, मी घाबरून काच दाखवली, तर सर म्हणाले, "रस्ता दिसायला हवा असेल तर पाय उचलायचा, पोचायला हवं असेल तर दाबायचा. दोन्ही एकदम मागणं ही हाव झाली."

मग त्यांच्या मुलीचं, लीनाचं लग्न ठरलं आणि सरांनी जाहीर केलं की नवरी याच गाडीतून चर्चला जाईल. टीचर, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "चर्च आठ मिनिटांवर आहे. चालत गेली तर वेळेत पोचेल." सरांनी ते ऐकलं नाही. चालकाच्या शेजारी बसायला त्यांनी मला नेमलं आणि रोज संध्याकाळी कुंपणाशी माझी परीक्षा सुरू झाली.

"एक?"

"नळ."

"दोन?"

"चोक."

एका संध्याकाळी कंटाळून मी मुद्दाम तीनला "दांडा पुढे" असं म्हणालो. अर्धा तास व्याख्यान ऐकायची तयारी ठेवली होती. सर म्हणाले, "शाबास. चार?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा मुद्दाम चुकलो, पुन्हा शाबासकी मिळाली. सर माझी परीक्षा घेत नव्हते. उत्तरं ऐकून घेत होते.

मी लीनाला गाठलं. ती म्हणाली, "माहीत आहे, काका. परवा नळ बंद ठेवून तासभर हँडल मारत होते. आई बोलते, गाडी नको. पण गाडी नको बोललं तर त्यांना कळेल ना, आम्हाला कळलंय ते." जरा थांबून म्हणाली, "तुम्ही दांड्याकडे बघा. बाकी होईल ते होईल."

लग्नाच्या सकाळी वाडीत बँडवाले वाद्यं सरसावून उभे होते. सर सुटाबुटात. मागच्या सीटवर लीना आणि तिचा झगा, म्हणजे सीट शिल्लकच नव्हती. परीक्षा झाली, सगळी उत्तरं मी बरोबर दिली, दांडा मागे घेतला. हँडल घेऊन पुढे जाता जाता सर थांबले, खिडकीतून वाकले, आणि समाधानाने तो दांडा पुढे ढकलून गेले.

पाहुण्यांसमोर काय बोलणार? सर बॉनेटमागे दिसेनासे होताच मी दांडा मागे ओढला आणि धरून बसलो. पहिल्या फेऱ्याला काही झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. तेवढ्यात माझीच खात्री डळमळली. मागे म्हणजे माझ्या मागे की गाडीच्या? दोनदा मुद्दाम चुकीचं उत्तर देऊन शाबासकी घेतल्यावर बरोबर कुठलं ते आठवेना. मागून लीनाचा हात माझ्या खांद्यावर आला. "राहू द्या तसाच," ती हळूच म्हणाली.

तिसऱ्या फेऱ्याला गाडी खोकली आणि धडधडू लागली. सर बॉनेटमागून वर आले. मी आधी त्यांची मनगटं पाहिली. दोन्ही शाबूत होती. "बघितलंत?" ते म्हणाले. "क्रम." आम्ही डावा हात बाहेर काढून सरळ चर्चपर्यंत गेलो. पुढे बँड चालत होता, त्यामुळे गाडीचा संथ वेग फारसा लपवावा लागला नाही.

लीना आता लांब राहते. हँडल टीचरांनी कपाटात कुलपात ठेवलं आहे, गाडीची चाकं शेडच्या मातीत बसली आहेत. रविवारी दुपारी सर त्या गाडीत जाऊन बसतात आणि शेजारी मी. आता विचारतो मी. "एक?" ते म्हणतात, "चोक." "दोन?" जरा विचार करून ते म्हणतात, "मिस्सा." मी म्हणतो, "शाबास." ते खूश होऊन केळीच्या बागेकडे बघत राहतात. ठिणगीचा दांडा मात्र मी बसल्याबरोबर मागे ओढून ठेवलेला असतो.