आबांचा सराव

ओळखीतली माणसं बारावीच्या पोरांना घेऊन माझ्याकडे येतात. लॉच्या प्रवेश परीक्षेत मुलं नेमकी कुठे चुकतात ते सांगा, म्हणतात. मी सांगते. जुनं गाइड वापरू नका, त्यातले मंत्री केव्हाच घरी बसलेले असतात. कलमं घोकू नका, तिथे कलमं कुणी विचारत नाही. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत असतील तर अंदाजपंचे खुणा करू नका. घड्याळ लावून पेपर सोडवा. आणि कायद्याच्या प्रश्नाला घरची अक्कल लावू नका. हे शेवटचं सांगताना माझा आवाज चढतो. पोरं बावरून आईबापाकडे बघायला लागतात. त्यांना काय माहीत, मी कुणावर चिडलेय.

या परीक्षेत एक भाग असतो. आधी एक नियम दिलेला असतो, मग एक प्रसंग, आणि शेवटी विचारतात की दोष कुणाचा. तो नियम खऱ्या कायद्यात असेलच असं नाही. पुष्कळदा प्रश्न काढणाऱ्याने तो आपल्या सोयीने रचलेला असतो. तरी तो खरा धरायचा आणि त्याच्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. नव्वदच्या दशकात मी ही परीक्षा दिली तेव्हा आमच्या कळस गावात अशी परीक्षा असते हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

मला वकील करायचं हे आबांच्या मनात आलं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. काकू लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. वडिलांनी विहीर पाडून ऊस लावला आणि ते शेतकरी झाले. आबांनी मात्र वाडवडिलांची मेंढरं सोडली नाहीत. वर्षातले कितीतरी महिने ते कळपामागे असायचे. घरी आले की त्यांच्या घोंगडीला येणारा वास आम्हा पोरांना फार आवडायचा.

कळंबच्या बाजूला एक बागायतदार होता. पीक निघालं की दर साल त्याचा निरोप यायचा, आमच्या रानात मेंढरं बसवा. मोकळ्या रानात कळप रात्रभर बसला की जमिनीला खत मिळतं, आणि त्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. आमच्याकडची ही जुनी रीत. त्या साली निरोप आला नाही. त्याने त्या रानात ऊस लावला होता आणि आबांना त्याचा पत्ता नव्हता. आबा वाटेनं चालले होते. पुढची मेंढरं सवयीनं त्या रानात शिरली आणि कोवळ्या उसाला त्यांचं तोंड लागलं. आबा त्यांना वळवायला आत धावले. तो माणूस काठी घेऊन आला आणि मेंढरं सोडून आबांवर तुटून पडला. इतकी वर्षं ज्याच्या बांधावर बसून आबांनी भाकरी खाल्ली होती, त्याने त्यांच्या मांडीचं हाड मोडलं.

हाड वाकडं जुळलं. कळप विकावा लागला. आबा बाजेवर आले, ते कुबडीवाचून पुन्हा कधी उठले नाहीत. इंदापूरच्या कोर्टात केस उभी राहिली आणि तारखांवर तारखा पडू लागल्या. समोरच्याने मधे माणसं घातली, मिटवून घ्या म्हणून. आबांचं एकच म्हणणं होतं.

"मला त्याचं काय बी नको. कोर्टानं त्याला समोर उभा करून सांगावं, तुझं चुकलं. येवढं एक वाक्य ऐकायचंय मला."

त्या एका वाक्यासाठी ते जगत होते म्हटलं तरी चालेल. वडिलांना त्यांनीच सांगितलं, "पोरीचं डोकं चालतंय. तिला वकील कर. परक्या वकिलाला आपली मेंढरं काय कळनार?"

बारामतीत एका वकीलसाहेबांचा मुलगा या परीक्षेला बसणार होता. त्याच्याबरोबर आणखी दोघातिघांना ते रविवारी घरी शिकवायचे. माझ्या कॉलेजातल्या बाईंनी माझी तिथे वर्णी लावली. सकाळच्या एसटीनं मी बारामतीला जायची. शिकवणीत माझ्याशेजारी वालचंदनगरची एक मुलगी बसायची, तिथल्या कंपनीतल्या इंजिनियरची. तिचं इंग्रजी माझ्याहून चांगलं होतं, पण तिच्यात मिजास नव्हती. डब्यातली लोणच्याची फोड ती न मागता माझ्या डब्यात टाकायची.

पहिल्याच रविवारी मी तोंडघशी पडले. नियम होता की परवानगीवाचून दुसऱ्याच्या हद्दीत शिरणं हा दोष. प्रसंग असा की एकाची टोपी वाऱ्यानं शेजाऱ्याच्या अंगणात उडाली आणि तो फाटक उघडून ती आणायला गेला. दोष आहे का? मी लिहिलं, नाही. वालचंदनगरच्या मुलीनं लिहिलं, आहे.

"का नाही?" वकीलसाहेबांनी मला विचारलं.

"टोपी आणायला गेला सर, त्यात काय एवढं?"

"तुम्हा खेड्यातल्या मुलांचं घोडं इथेच पेंड खातं," ते म्हणाले. "तुम्ही न्याय करायला बसता. इथे न्याय मागतंय कोण? नियम लावा आणि पुढच्या प्रश्नाला लागा."

मला ते अजिबात आवडलं नाही. पण ते बरोबर होते, हे आठवड्याआठवड्याला माझे गुणच सांगत होते. प्रत्येक प्रसंगात मला आमचं गाव दिसायचं. विहिरीचा प्रश्न आला की आमची विहीर, बांधाचा आला की आमचा बांध. वकीलसाहेब म्हणाले, मोठ्यानं वाचून सराव कर, म्हणजे नियम कानात बसेल. घरी मोठ्यानं वाचायचं तर ऐकायला आबा होतेच.

प्रश्न इंग्रजीत असायचे. मी ते मराठीत करून सांगायची. आबांना हा खेळ भलताच आवडला. बाजेवर पडल्यापासून त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं. सुरुवातीला ते माझ्याहून वाईट होते. एकाच्या आंब्याची फांदी दुसऱ्याच्या हद्दीत गेली, असा प्रश्न होता.

"झाड कुनाच्या आज्यानं लावलंय?" आबांनी विचारलं.

"ते प्रश्नात नाही आबा."

"मग मानसं कशी हायती? एकमेकाच्या लग्नाकार्याला जात्यात का?"

"तेही दिलेलं नाही. जेवढं दिलंय तेवढंच धरायचं."

"मग ह्यो प्रश्नच अर्धा हाय," आबा म्हणाले, आणि वडील ओसरीवर हसले. कितीतरी महिन्यांनी आमच्या घरात कुणी हसत होतं.

मी आबांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे नियम परीक्षेपुरते असतात. त्यांनी मान डोलावली होती. पण त्यांना अक्षरओळख नव्हती. छापलेला कागद त्यांच्या आयुष्यात आला तो सातबाराचा, नाहीतर कोर्टाच्या समन्सचा. छापलेलं म्हणजे सरकारचं आणि सरकारचं म्हणजे खरं, इतकी ती साधी गोष्ट होती. मी एका वाक्यात सांगितलं आणि त्यांनी एका कानानं ऐकलं.

हळूहळू मात्र आबा तयार झाले. आज्याची चौकशी थांबली. "नियम पुन्यांदा वाच," म्हणायचे, डोळे मिटायचे आणि नेमकं उत्तर द्यायचे. मी अजून टोपी उडालेल्या माणसाची कीव करत बसायची तेव्हा तेच मला टोकायचे, "पोरी, त्ये नियमात न्हाय." माझे गुण वाढले त्यात निम्मा वाटा आबांचा होता, हे मी वकीलसाहेबांना कधी सांगितलं नाही.

परीक्षा तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. मी नियम वाचला. आपल्या मालाचं नुकसान थांबवताना मालकाने बळ वापरलं आणि कुणाला इजा झाली, तर दोष मालकाचा नाही. मग प्रसंग वाचायला घेतला आणि माझी जीभ अडखळली. एकाची गुरं दुसऱ्याच्या बागेत शिरली होती. बागेच्या मालकानं गुराख्याला काठीनं मारलं होतं, गुराख्याचा हात मोडला होता. मी पुढच्या प्रश्नावर जायला लागले.

"थांबलीस का?" आबा म्हणाले. "वाच की."

मी वाचलं. आबांनी डोळे मिटले नाहीत. ते लगेच म्हणाले, "गुरं कोंडवाड्यात घालायची. मानसाला कशापायी मारायचं?"

"कोंडवाडा नियमात नाही आबा," मी म्हणाले. इतक्या दिवसांच्या सवयीनं ते आपोआप तोंडातून आलं.

त्यांनी नियम पुन्हा वाचायला लावला. मग आणखी एकदा. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"मग मालकाचा दोष न्हाय," ते शेवटी म्हणाले. "बरोबर हाय का?"

"बरोबर," मी म्हणाले आणि पान उलटलं. मला वाटलं, प्रश्न संपला.

परीक्षा पुण्यात होती आणि नेमकी त्याच दिवशी केसची तारीख लागली. वडील आबांना घेऊन इंदापूरला गेले. मी वालचंदनगरच्या मुलीबरोबर, तिच्या वडिलांच्या गाडीतून पुण्याला गेले. पेपर चांगला गेला. नियम लावला आणि पुढे गेले, कुठे रेंगाळले नाही. परतीच्या वाटेवर आम्ही दोघी गाणी म्हणत आलो. आबांना काय काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते.

घरी आले तर वडील ओसरीवर डोकं धरून बसले होते. आबांनी कोर्टात केस मिटवली होती. आमच्या वकिलालाही कल्पना नव्हती. जज्जसाहेबांनी दोनदा विचारलं, कुणाचा दबाव आहे का? आबा म्हणाले, न्हाय साहेब. कोर्टानं परवानगी दिली आणि सगळं संपलं. तारखांना कंटाळले असतील, असं वडिलांना वाटत होतं.

मी आबांपाशी गेले. का मिटवलं, विचारलं.

"अगं, नियमच तसा हाय," आबा शांतपणे म्हणाले. "तूच वाचलास न्हवं? मालकाचा दोष न्हाय. मी उगं हेका धरून बसलो व्हतो. मेंढरं माझीच शिरली व्हती."

"आबा, तो परीक्षेचा नियम. कुणीतरी खुर्चीत बसून रचलेला. तो कायदा नाही."

"खोटा कायदा छापत्यात व्हय?"

मी ओरडले, रडले. पुस्तक त्यांच्या बाजेवर आपटलं. त्यांना वाटलं, चुलत्याची चूक निघाली म्हणून पोरगी आपली समजूत घालतेय. उलट ते माझ्याच पाठीवरून हात फिरवत राहिले. आणि खरं सांगायचं तर खरा कायदा काय आहे हे मलाही माहीत नव्हतं. परीक्षेसाठी तो शिकायची गरजच नव्हती. मी त्यांना दुसरं कुठलं पुस्तक दाखवणार होते?

मला प्रवेश मिळाला. गावात पेढे वाटले गेले. आबांनी कुबडी टेकत शाळेपर्यंत जाऊन मास्तरांना पेढा दिला. मी परराज्यात शिकायला गेले आणि तिथे फौजदारी कायद्याच्या तासाला तो विषय निघाला. आपला माल राखायचा हक्क मालकाला आहे, पण गरजेपुरता. जनावरं चुकून शिरली तर त्यांना हाकलावं, नाहीतर कोंडवाड्यात घालावं. राखणाऱ्याचं हाड मोडायचा हक्क कुणालाही नाही. सर हे शिकवताना फळ्याकडे तोंड करून उभे होते. मला इतका राग आला की मी वही मिटून टाकली. आबांनी ते बाजेवर पडल्या पडल्या सांगितलं होतं.

सुट्टीत घरी आले. वडिलांना आधी सांगितलं. ते म्हणाले, "कशाला त्यांना सांगतीस? आता ते निवांत हायती." पण निवांत म्हणजे काय? वाटेवर तो बागायतदार भेटला की आबा मान खाली घालायचे, हे मला शेजारच्या बाईंनी सांगितलं होतं. मार खाल्लेल्या माणसानं जन्मभर स्वतःला दोषी समजावं, हे मला सहन होईना.

मी आबांजवळ बसले. खरं पुस्तक उघडलं आणि पूर्वीसारखं मोठ्यानं, मराठीत करून वाचलं. नियम पुन्हा वाच, असं ते म्हणाले नाहीत. एकदाच ऐकलं.

"केस परत उभी ऱ्हाती का?"

"नाही आबा," मी म्हणाले. "एकदा मिटली की मिटली."

"आन् माफी?" त्यांनी विचारलं. "मी मागितलेली माफी तरी मागं घेता येती का?"

कसली माफी, मला कळलं नाही. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं.

"त्या दिवशी कोर्टाच्या आवारात," वडील म्हणाले, "आबांनी कुबडी माझ्या हातात दिली आन् वाकून त्याच्या पाया पडलं. मला धरायला बी येळ मिळाला न्हाय. परत उठता येईना, तवा त्यानंच उठवलं त्यांना."