नाव न घेणाऱ्या बायकांची रांग

उकळत्या गुळाच्या वासाची मला भीती वाटते, असं मी सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग मी नेहमीसारखी काहीतरी गंमत सांगणार म्हणून पुढे सरकून बसतो. त्याचा दोष नाही. माझी ख्यातीच तशी आहे. पण तो वास खरोखरच मला एका सकाळपाशी नेऊन उभा करतो. १९४६ सालचा माघ, आष्ट्यापासून दोन कोसांवरच्या गावातली मराठी शाळा, पायांना गार लागणारी ताज्या सारवणाची ओल, दारावर सोडलेला गोणपाटाचा पडदा, त्याच्या विणीतून भुईवर सांडलेले उन्हाचे बारीक कण, आणि ओढ्यापलीकडच्या गुऱ्हाळावरून वाऱ्याच्या लहरीबरोबर येणारा तो दाट, गोड, गुदमरवणारा दरवळ. मी बावीस वर्षांची होते. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. प्रांताच्या कायदेमंडळाची निवडणूक लागली, बायकांचं मतदान घ्यायला बाईमाणूस हवं होतं, म्हणून सरकारने मला बैलगाडीतून इथे आणून सोडलं होतं.

निघण्यापूर्वी मावशीसमोर मी या कामाची रंगीत तालीम केली होती. मीच कारकून, मीच मतदार, मीच दारावरचा शिपाई. वर्गात धडा शिकवताना राजाही मीच व्हायचे आणि त्याचा कपटी प्रधानही, तेव्हा एका यादीतली नावं खणखणीत वाचून दाखवणं म्हणजे माझ्या दृष्टीने अगदी किरकोळ भूमिका होती. मावशी हसून हसून बेजार झाली. शेवटी डोळे पुसत ती म्हणाली, "जरा हळू वाच गं. त्या बाजूला नावं मोठ्यांदा वाचलेली लोकांना सोसत नाहीत." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

कळला तो गावात पाय ठेवल्यावर. आमच्या जिल्ह्याने आधीची तीनचार वर्षं कशी काढली होती, ते आता सांगूनही कुणाला खरं वाटायचं नाही. भूमिगत झालेले तरुण उसाच्या फडांत राहत होते, पोलीस त्यांना हुडकत गावोगाव फिरत होते, आणि सरकारी कागदावर नाव चढणं याचा अर्थ एकच होता, की आता दारावर लाथ बसणार. घरात पुरुष सापडला नाही की फौजदार बाईला विचारायचा, "नवऱ्याचं नाव सांग." आणि घरंदाज बाई पदर पुढे ओढून, भिंतीकडे तोंड करून सांगायची, "आमच्यात नाव घेत न्हाईत." छडीपुढे, शिव्यांपुढे, जप्तीपुढे तेच एक उत्तर. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत; आणि त्या वर्षांत ती शब्दशः खरी झाली होती. जुन्या रीतीची ती ढाल पुढे करून या बायकांनी कितीतरी आयुष्यं वाचवली होती.

आणि आता तेच सरकार, एका टोपपदरी लुगड्यातल्या हसऱ्या मास्तरणीच्या तोंडून, तोच प्रश्न पुन्हा विचारत होतं.

मत सगळ्यांना नव्हतंच तेव्हा. जमिनीचा सारा भरणाऱ्यांना, शिकलेल्यांना, फौजेत नोकरी केलेल्यांना होतं. बायकांना बहुधा नवऱ्याच्या जोरावर. त्यामुळे यादीत प्रत्येकीच्या नावाला नवऱ्याचं नाव जोडलेलं, आणि शेवटच्या रकान्यात मताचा हक्क कशामुळे मिळाला, तेही छापलेलं. पडद्याच्या बाहेर दोन्ही उमेदवारांची माणसं बसली होती. त्यांना ऐकू जावं, हरकत असेल तर घेता यावी, म्हणून मी ओळ मोठ्याने वाचायची, रकान्यासकट; नवऱ्याचं नाव तेवढं गाळायचं. आणि बाईने ते स्वतःच्या तोंडाने सांगून ओळख पटवायची. खोलीच्या कोपऱ्यात मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून टेबलामागे बसून माझ्या प्रत्येक शब्दावर कान ठेवून होते. एक ओळ गाळली तर नोकरी जाईल, हे त्यांनी मला सकाळीच गोड शब्दांत समजावलं होतं.

पहिल्या तासात जे झालं त्याची नक्कल करून मी पुढे कितीतरी मैफली गाजवल्या. एकीने नवऱ्याचं नाव सांगायला शेजारणीला पुढे केलं. नंबर चुकून आलेल्या एकीने, यादीतली तिची ओळ मला सापडावी म्हणून, आभाळाकडे बोट केलं, मग हाताने गोल काढून दाखवला, आणि मी सूर्य, चंद्र, भाकरी असं सगळं ओळखून दमले तेव्हा रांगेतून कुणीतरी खुसखुसलं, "आवं बाई, चांदोबातला चंद्रू त्यो. चंद्रू पाटील." एका म्हातारीला मी विचारलं, "आजी, आता या वयात तरी नाव घ्यायला काय हरकत आहे?" ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत म्हणाली, "लेकी, ऐंशीचा झालाय त्यो. आता त्येच्याकडं कमी करायला हाय तरी काय? उरलंय तेवढं तरी ऱ्हाऊ दे." रांग हसली, अव्वल कारकूनही हसले, मीही हसले. सकाळपासून छातीवर ठेवलेला दगड जरासा हलला.

तेवढ्यात माझ्या पाठीमागच्या खिडकीशी कुणीतरी खाकरलं. ताठ कण्याचा, पांढऱ्या कल्लेदार मिशांचा एक म्हातारा उभा होता. फेट्याचा तुरा सरळ, पायांत फौजी बूट. हे गावचे सुभेदार, पहिल्या महायुद्धात लढलेले. गावातल्या अर्ध्या पोरांना त्यांनीच भरतीला नेलं होतं, आपला एकुलता एक मुलगा धोंडीराम धरून. एवढं मला शाळेच्या हेडमास्तरांकडून आदल्या दिवशी कळलं होतं.

"बाई, एक अर्ज हाय," ते म्हणाले. आवाज कवायतीचा, पण खालच्या पट्टीतला. "एकशे बारा नंबर. माझी सून हाय ती. चंद्राबाई."

मी यादीत बोट फिरवलं. चंद्राबाई, धोंडीरामची. आणि शेवटच्या रकान्यात छापलं होतं, 'मयत शिपायाची पेन्शनदार विधवा.'

"मागल्या आखाडात तार आली. बर्माच्या फ्रंटवर गेला," सुभेदार म्हणाले. "घरात बोललो न्हाई. म्हातारीचं काळीज लय हलकं हाय. कागदावर सुनेचा अंगठा घेतला तो पोराच्या पगाराचा म्हणून घेतला. ती अजून कुंकू लावती. लढाई संपली, आता कवा येत्याल म्हणून रोज इचारती." ते थांबले. "घरी ठेवली असती. पर गाव निघालं गाडीत, सासूनंच धाडली. का नको म्हणून काय सांगू? तुमी फकस्त तेवढं वाचू नगा."

मी काही बोलण्यापूर्वीच ते वळले आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली, पडदा दिसेल अशा बेताने जाऊन उभे राहिले. ज्याने उभ्या आयुष्यात हुकूम सोडले, त्याला विनंती केल्यावर उत्तर ऐकायला थांबायचं असतं, हे ठाऊक नसावं.

त्यानंतरच्या तासाइतका लांब तास मी पुन्हा जगले नाही. एकशे दोन. एकशे तीन. उन्हाचे कण भुईवरून सरकत टेबलाच्या पायापाशी आले. गुऱ्हाळावर चुलवाणावरून रसाची काहिल उतरवली असावी, कारण वास एकदम इतका दाट झाला की घशात अडकू लागला. मी वाचत होते, बायका लाजत होत्या, हसत होत्या, आणि मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ओळ गाळली तर अव्वल कारकून टोकणार, बाहेरची माणसं विचारणार, 'रकाना का नाही वाचला?', आणि मग तोच रकाना त्यांच्यापैकी कुणीतरी पडद्याबाहेरून, माझ्याहून मोठ्या आवाजात वाचणार. ओळ वाचली तर एका बाईला, चिठ्ठी पेटीत टाकायला म्हणून नवं लुगडं नेसून आलेल्या बाईला, भर रांगेत माझ्या खणखणीत आवाजात कळणार की ती आठ महिन्यांपूर्वीच विधवा झाली. आयुष्यात प्रथमच मला माझा आवाज नकोसा झाला. एकशे नऊ. मी देवाला सांगितलं, तिला परत पाठव. एकशे दहा. मी तहान लागल्याचं सोंग करून पाणी मागितलं, सावकाश प्यायले, तरी तांब्या संपला.

एकशे अकरा नंबरची बाई पेटीकडे गेली, आणि पडद्याशी ती उभी होती.

वय माझ्याएवढंच. सावळा, रेखीव चेहरा, कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू, हातभर हिरवा चुडा. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. मी यादीवर बोट ठेवलं. "एकशे बारा," मी म्हटलं, "चंद्राबाई," आणि पुढे माझा गळा बंद झाला. सोंग नव्हतं ते. सोंगं मी पुष्कळ केली आहेत, मला फरक कळतो.

"पुढे वाचा, बाई," कोपऱ्यातून आवाज आला.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तीच बोलली. पदर तोंडावर ओढला नाही, शेजारणीकडे पाहिलं नाही, आभाळाकडे बोट केलं नाही. वर्गात हजेरी द्यावी तशा स्वच्छ, सपाट आवाजात तिने सासऱ्यांचं आडनाव धरून नवऱ्याचं सगळं नाव सांगितलं. धोंडीरामपासून सुरुवात करून, शेवटपर्यंत. अडखळली नाही.

मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एका बाईने हळूच तोंडावर हात ठेवला. एवढी वर्षं फौजदाराच्या छडीपुढे जे नाव कुठल्या बाईच्या ओठांवर आलं नसतं, ते या पोरीने एका मास्तरणीला न मागता देऊन टाकलं होतं.

अव्वल कारकून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली आणि आपल्या यादीवर खूण केली. "ओळख पटली," ते म्हणाले, जरा जोरानेच. "पुढे घ्या." बाहेरून कुणीही हरकत घेतली नाही.

गोणपाटाच्या फटीतून मला कडुनिंब दिसत होता. सुभेदारांनी ते नाव ऐकलं असावं. कारण त्यांचे दोन्ही बूट एकमेकांशी जुळले होते, हात मांड्यांना चिकटले होते, आणि नजर समोर, कुठेच नसलेल्या झेंड्यावर खिळली होती. सून बाहेर आली तरी ते तसेच उभे राहिले. तिनेच जवळ जाऊन त्यांच्या कोपराला धरलं. "चला आबा," ती म्हणाली, "आत्याबाई वाट बघत असतील. त्यांच्यापुढं काय बोलू नगा." आणि तेच कुंकू, तोच चुडा घेऊन ती गाडीत चढली.

धोंडीराम गेल्याचं तिला कधी कळलं, कुणाकडून कळलं, अंगठा उठवताना कळलं की त्या क्षणी माझ्या बंद पडलेल्या गळ्यावरूनच कळलं, हे मी विचारलं नाही. संध्याकाळी पेट्या लाखेने बंद झाल्या, मी साताऱ्याला परतले. कोण निवडून आलं, तेसुद्धा मला पुढे वर्तमानपत्रातूनच समजलं. मावशीने विचारलं, "झालं का नाटक?" मी चंद्रू पाटलाची नक्कल करून दाखवली, ती पुन्हा हसून बेजार झाली, आणि उरलेलं मी सांगितलं नाही.

आता मी पन्नाशीला आले. देशात निवडणुका कितीतरी झाल्या. बायका आपापल्या नावाने मत देतात, आणि नवऱ्याचं नाव मोठ्यांदा घेणाऱ्या आजच्या मुलींचं मला मनापासून कौतुक वाटतं. असल्या समजुतींची मी व्यासपीठावरून यथेच्छ टर उडवते आणि टाळ्या घेते. मात्र मतदानकेंद्रावर चिठ्ठी शोधणारा मुलगा सहज विचारतो, "आजी, यजमानांचं नाव?" तेव्हा मला कुठूनतरी गुळाचा वास येतो, आणि मी त्याच्या यादीवर मुकाट्याने बोट ठेवते. धोंडीरामचं नाव मी इथे पुन्हा पुन्हा लिहिलं. ज्यांच्याबरोबर गेली पंचवीस वर्षं संसार केला, जे आत्ता पलीकडच्या खोलीत खोकत आहेत, त्यांचं नाव या पानांवर कुठेही आलेलं नाही, हे मला आत्ता हे वाचून पाहताना दिसलं. घालावं म्हणून लेखणी उचलली होती. मग खाली ठेवली.