काकांची पथरी आणि पृथ्वीच्या पोटातलं पाणी

नव्वदच्या दशकात मी बनारसला विद्यापीठात भूगर्भशास्त्रात संशोधन करत होते आणि तिथल्या दूधविनायक मोहल्ल्यात काकांकडे राहत होते. काका याज्ञिक. एकदा त्यांनी विचारलं, तू नेमकं शोधतेस काय? मी सांगितलं, जमिनीखाली चार-पाचशे किलोमीटरवर, प्रचंड दाबाखाली असलेल्या खनिजांत पाणी साठू शकतं, त्याचा अभ्यास.

"म्हणजे खाली कुंड आहे?"

"थेंबसुद्धा नाही. पाणी तिथे मोडून बसतं. त्यातला हायड्रोजन स्फटिकातल्या ऑक्सिजनला चिकटतो. दगड कोरडाच. पण असे दगड इतके आहेत, की सगळ्यांतलं पाणी मिळून समुद्र भरेल."

"आचमनाला चालेल?"

"नाही."

"मग राहू दे," म्हणून ते संध्येला बसले.

त्या ज्येष्ठात काकांना पथरी निघाली. डॉक्टर म्हणाले, खडा काही वर्षांचा दिसतो, दिवसभर पाणी पीत राहा. आठच दिवसांनी निर्जला एकादशी आली. मुंज झाल्यापासून काकांनी ती कधी चुकवली नव्हती. दुपारी काकू माझ्या खोलीत आल्या. "कळा येताहेत, पण चमचाभर पाणी घेत नाहीत. तू शिकलेली आहेस, काहीतरी सांग त्यांना."

काका कुशीवर वळून पडले होते. मला सुचलं ते मी बोलले. "काका, तुमच्या पथरीतही पाणी असणार. नेहमीची पथरी असते ना, तिच्या स्फटिकातच ते बांधलेलं असतं."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "म्हणजे माझा उपास सकाळपासूनच मोडलेला आहे?"

"तसं म्हणता येईल," मी आशेने म्हणाले.

"आणि मागच्या वर्षीचा? त्याच्या आधीचा?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार अपराधी वाटलं.

काकूंनी रामघाटच्या पाठशाळेतल्या शास्त्रीबुवांना बोलावणं धाडलं. ते छत्री घेऊन चालत आले. त्यांचाही उपास होता, ओठ सुकले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "पथरीतलं पाणी तुझ्या त्या खालच्या दगडांसारखं मोडलेलं, की अख्खं?"

माझ्या मार्गदर्शकांनीही मला इतका नेमका प्रश्न कधी विचारला नव्हता. "अख्खं," मी म्हणाले.

"अख्खं असेल तर ते पाणीच."

काका कण्हले. "आणि मोडलेलं असतं तर?"

"मग विचार करता आला असता."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "माझी पथरी त्या खालच्या जातीची असू शकेल का गं?"

"त्याला फार दाब लागतो, काका."

"दाब आहे ना," ते कुशीवर हात ठेवून म्हणाले.

मी समजावू लागले, की तिथला दाब हवेच्या लाखपट असतो. शास्त्रीबुवा ते मान हलवत ऐकत होते. तेवढ्यात काकू मध्येच म्हणाल्या, "दुखणाइताला शास्त्रात सूट आहे की नाही, तेवढं सांगा."

"आहे की. नेहमीच होती," शास्त्रीबुवा म्हणाले. "मला ते कुणी विचारलंच नाही."

काकांनी एका दमात तांब्या रिकामा केला. मग दुसरा. शास्त्रीबुवांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

तिसऱ्या दिवशी खडा पडला. काकांनी तो धुऊन कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिला. "तपासून आण."

प्रयोगशाळेत मी तो वजन करून तापवला आणि पुन्हा वजन केलं. मार्गदर्शकांनी विचारलं, नमुना कुठला? मी म्हणाले, स्थानिक आहे. वजन घटलं होतं. पाणी होतं त्यात.

दोन्ही आकडे मी कागदावर लिहून आणले. काकांनी ते दोनदा वाचले. ते खचतील अशी मला भीती होती, पण त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं, कागद घडी घालून घेतला आणि भर उन्हात रामघाटाकडे निघाले. शास्त्रीबुवांचं म्हणणं बरोबर निघालं होतं, हे त्यांना स्वतः जाऊन सांगायचं होतं.