लाकडावर टेकलेली हनुवटी

उन्हाळ्यात माझ्या बेस गिटारचा गळा वाकतो, तारा उचलल्या जातात. मग मी अकोल्याहून परतवाड्याला एका गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या दुकानात जातो. शिरताच तो दरडावतो, "मांगून बोलू नोका, समोर या." सहा वर्षं मी हा तुसडेपणाच समजत आलो.

तो गिटारच्या लाकडावर हनुवटी टेकतो, डोळे मिटून जाड तार छेडतो आणि गळा सरळ करणारी आतली सळई चावीनं पाव आटा फिरवतो. "एकदम पिळू नोका, लाकडाले बसू द्या."

परवा दारातच ट्रकचं टायर फुटलं. माझा चहा अंगावर सांडला. त्याची पापणीही हलली नाही, तो तार छेडतच राहिला. मी समोर जाऊन विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही?"

"ऑर्केस्ट्रात बेस वाजवत होतो. स्पीकर कानापाशीच राहे," तो माझ्या ओठांकडे पाहत सहज म्हणाला. "आता लाकूड सांगते मले."

मीही ऑर्केस्ट्रातच वाजवतो.

गिटार परत देताना तो हळू आवाजात काहीतरी बोलला.

"काय?" मी विचारलं.

त्यानं माझ्या तळहातावर कापसाचे दोन बोळे ठेवले.

"हेच इचारलं. तुमाले ऐकू येते ना?"